घरात कुत्री, सासूबाईंना दमा आणि हवेचं गाळणं



गेल्या दोन महिन्यांत स्थानकात, लग्नाच्या पंगतीत आणि एकदा तर भाजी घेता घेता मला एकच प्रश्न विचारला गेला. "तुमच्याकडे कुत्री आहे, सासूबाईंना दमा आहे, मग ते हवेचं मशीन घेतलंत ना? कोणतं घेतलं?" कंपनीचं नाव सांगून मोकळी झाले असते. पण नुसत्या नावाचा तुम्हाला उपयोग नाही. आमचं पहिलं मशीन चुकलं होतं, आणि मशीनच्याही आधी मी स्वतः चुकले होते. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते.

आमची लाडू गावठी कुत्री. चार वर्षांपूर्वी चातुर्मासात, भर पावसात, माझा मुलगा तिला शर्टात गुंडाळून घेऊन आला. एक पाय दुखावलेला, डोळे नुकते उघडलेले. "दोन दिवस ठेवू" म्हणता म्हणता ती घरचीच झाली. सासूबाई तिला हात लावत नाहीत, कारण मग सामायिकाआधी पुन्हा आंघोळ. पण संध्याकाळची चौविहाराआधीची भाकरी झाली की पहिला तुकडा लाडूचा, हा नियम त्यांनीच घातलेला. आणि लाडूही दिवसभर बसते कुठे, तर बरोबर सासूबाईंच्या खोलीच्या उंबऱ्यावर.

सासूबाईंचा दमा जुना आहे. पावसाळा कसाबसा निघतो, पण कार्तिक लागला की खोकला सुरू. आपला नगर जिल्हा पर्जन्यछायेतला. पाऊस संपला की जमीन सुकते आणि धूळ उडायला लागते. आम्ही सावेडीला, मनमाड रस्त्यापासून जवळ राहतो. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहावं, अशी गत. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की जिल्ह्यात उसाचं पाचट पेटतं आणि धूर पसरतो. माझं माहेर साखर कारखान्याजवळचं. तिथे तर वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी पडायची.

मागच्या हिवाळ्यात सासूबाई रात्री तीन-तीन, चार-चार वेळा उठून बसायला लागल्या. छातीच्या डॉक्टरांनी त्वचेवरची ॲलर्जीची तपासणी केली. धुळीतल्या सूक्ष्म किड्यांची, म्हणजे डस्ट माइटची, ॲलर्जी जास्त निघाली आणि कुत्र्याची मध्यम. डॉक्टर म्हणाले, "इनहेलर नियमित घ्या. आणि कुत्र्याचं काय करायचं ते घरच्यांनी ठरवा."

नणंदबाईंचा फोन आला, "वहिनी, आईपेक्षा कुत्री मोठी आहे का? कुठेतरी सोडून द्या." मला राग आला नाही, उलट सुटल्यासारखं वाटलं. कोणीतरी माझ्या मनातलं बोललं होतं. यजमानांच्या ओळखीच्या एकांच्या मळ्यावर लाडूला पाठवायचं ठरलं, रविवारी. तोपर्यंत चार दिवस मी तिला मागच्या गॅलरीत आखूड दोरीने बांधलं. ती उंबऱ्याकडे ओढ घेऊ नये म्हणून संध्याकाळचा भाकरीचा तुकडाही बंद केला. पहिल्या रात्री ती रडली. दुसऱ्या दिवशी ओरडणं थांबलं. तिसऱ्या दिवशी समोरच्या ताटलीला तिने तोंड लावलं नाही.

त्याच आठवड्यात पक्खी होती. प्रतिक्रमण करताना पहिल्या अणुव्रताचे अतिचार आले. बंध, वध, छविच्छेद, अतिभार, भक्तपानविच्छेद. वीस वर्षं दर पक्खीला मी हे म्हणते आहे. बांधणं, मारणं, अंग कापणं, झेपणार नाही इतकं ओझं लादणं, अन्नपाणी तोडणं. नेहमी मनात बैल आणि घोडे यायचे, जुन्या काळातले. त्या दिवशी गॅलरीतली लाडू आली. पाचातले दोन मी याच आठवड्यात केले होते, तेही कोणाला तरी श्वास यावा म्हणून. बांधणं सकारण असेल, सैल असेल, जनावराला वळता-निजता येत असेल तर ती गोष्ट वेगळी, असं आपल्याला समजावलेलं आहे. माझी दोरी तशी नव्हती.

घरी येऊन मी दोरी सोडली आणि सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "बेटा, तिला आपण बोलावलं. मला दमा आहे हे आपल्याला तेव्हाही माहीत होतं. आता दोघींची सोय बघ." रविवारचं रद्द झालं. पण सोय बघायची म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

मुलाने मोबाइलवर सेलमध्ये एक स्वस्त मशीन मागवलं. छोटं, सुबक, निळा दिवा. "फिल्टर बदलायची गरजच नाही, आयन सोडतं," असं लिहिलेलं. दोन दिवस सगळे खूश होतो. खोलीत वीज कडाडून गेल्यावर येतो तसा एक तिखटसर वास यायचा आणि आम्हाला वाटायचं, हीच ती शुद्ध हवा! तिसऱ्या रात्री सासूबाईंचा घसा जळायला लागला, खोकला वाढला. लाडू दारापाशी येऊन शिंकायची आणि मागे फिरायची. जिचा जीव त्या उंबऱ्यात, तिने उंबरा सोडला, तेव्हा मला शंका आली. मशीन बंद केलं आणि मग वाचायला बसले. घ्यायच्या आधी वाचायचं असतं, ते मी नंतर वाचलं.

तो वास ओझोनचा. आकाशात खूप उंचावर ओझोन आपलं रक्षण करतो, पण श्वासात गेला तर फुप्फुसांना झोंबतो आणि दमेकऱ्याचा दमा वाढवतो. आयन सोडणाऱ्या काही यंत्रांतून तो कमी-अधिक प्रमाणात तयार होतो, आणि काही यंत्रं तर ओझोन सोडण्यासाठीच बनवलेली असतात. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने घरातल्या अशा यंत्रांतून निघणाऱ्या ओझोनवर 0.050 पीपीएमची मर्यादा कायद्याने घातली आहे. कुत्री-मांजरं आणि विशेषतः पिंजऱ्यातले पक्षी यांना असे वायू आपल्या आधी बाधतात. म्हणून पहिला धडा हा: जे यंत्र हवेत काहीतरी सोडतं, ते घेऊ नका. जे हवेतून फक्त काढून घेतं, ते घ्या.

काढून घेणारं यंत्र म्हणजे हेपा फिल्टरचं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत अणुबॉम्बच्या कामातली किरणोत्सर्गी धूळ अडवण्यासाठी हा फिल्टर तयार झाला. काचेच्या किंवा तशाच बारीक तंतूंचा जाड कागद, चुण्या घातलेला. पंखा हवा ओढतो, ती त्या कागदातून जाते आणि कण तंतूंना चिकटून राहतात. 0.3 मायक्रॉनचा कण पकडायला सर्वांत अवघड, आणि तोही 99.97 टक्के अडला तर तो खरा हेपा. आपण पाणी गाळून वापरणाऱ्या बायका, आपल्याला हे लगेच समजतं. हे हवेचं गाळणं आहे.

इथे माझं मन अडकलं. पाणी गाळल्यावर गाळण्यावरची जिवाणी आपण जपून मूळ पाण्यात सोडतो. या गाळण्यावर जे अडकेल ते परत सोडता येत नाही. शिवाय वायुकाय आहे, वीज म्हणजे तेउकाय आहे. आपली साधू-साध्वी मंडळी पंखासुद्धा वापरत नाहीत, मुखावर मुहपत्ती बांधतात. आणि मी रात्रभर हवा घुसळणारं यंत्र घरात आणणार!

आमच्या भागातल्या स्थानकात स्थिरवासी असलेल्या एका महासतीजींना मी विचारलं. तुम्हाला माहीत आहेच, अशा आरंभाच्या गोष्टीत 'घ्या' किंवा 'घेऊ नका' असं त्या म्हणत नाहीत, आणि तसं त्यांना विचारूही नये. त्या यंत्राबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. अनर्थदंडाबद्दल बोलल्या. गृहस्थाकडून आरंभ होतोच. पण गरजेने झालेला आणि गरजेवाचून झालेला, यांतला फरक श्राविकेने स्वतः रोज तपासायचा, इतकंच म्हणाल्या. मला उत्तर मिळालं. यंत्र घ्यायचं, पण एकाच खोलीसाठी, ठरलेल्या वेळेपुरतं आणि जयणेने.

आता दुसरं मशीन निवडताना काय काय पाहिलं, ते क्रमाने सांगते.

पहिलं, खोक्यावर नुसतं 'हेपा टाइप' किंवा 'हेपासारखं' लिहिलेलं असेल तर सोडून द्या. एच 13 असा दर्जा स्पष्ट लिहिलेला पाहा.

दुसरं, खोलीचं माप. दुकानदार म्हणतो, "ताई, हे पाचशे फुटांना चालतं." त्याला सीएडीआर विचारा, म्हणजे तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं तो आकडा. सासूबाईंची खोली 10 बाय 12 फूट, उंची 10 फूट. म्हणजे 1200 घनफूट, साधारण 34 घनमीटर. दम्याच्या माणसाच्या खोलीतली हवा तासाला पाच वेळा गाळून निघावी असं धरलं तर 34 गुणिले 5, म्हणजे 170. पण खोक्यावरचा आकडा सर्वांत जोराच्या वेगाचा असतो, आणि त्या वेगाला झोप लागत नाही. म्हणून आम्ही 250 च्या पुढचं घेतलं आणि मधल्या वेगावर चालवतो.

तिसरं, बाहेरची जाळी. प्राणी असलेल्या घरात केस आधी त्या जाळीवर येतात. ती काढून धुता आली पाहिजे, नाहीतर महागाचा फिल्टर लवकर तुंबतो. आम्ही जाळी दर आठवड्याला साफ करतो. आधी उजेडात नीट बघायची, एखादा जीव असेल तर पूंजणीने हलकेच बाजूला करायचा, मगच पाणी लावायचं.

चौथं, आयन आणि अतिनील दिवा. पुष्कळ चांगल्या यंत्रांतही आयनचं बटण असतं. ते वेगळं बंद करता येतं का, आणि वीज जाऊन आल्यावर बंदच राहतं का, हे दुकानात उभं राहून करून पाहा. अतिनील दिवा जंतू मारण्यासाठी असतो. ॲलर्जीचा अंश म्हणजे जिवंत जंतू नव्हे, त्यामुळे आपल्या कामाला तो दिवा लागतच नाही. नको असलेली हिंसा पैसे देऊन कशाला आणायची?

पाचवं, फिल्टरची किंमत आणि तो मिळतो कुठे. मशीन आम्हाला 11,000 च्या आसपास पडलं, पण फिल्टर वर्षाकाठी बदलायचा, त्याचे अडीच हजार धरून चाला. जुना फिल्टर झटकू नका, ठोकू नका. तोंडाला कपडा बांधून पिशवीत बंद करून टाका.

सहावं, दिवे आणि आवाज. पडद्यावरचे दिवे बंद होणारं मशीन घ्या. पावसाळ्यात दिव्याला किडे येतात आणि हवेबरोबर ओढले जातात. पंखाच्या मुंग्या निघतात त्या रात्री आम्ही मशीन लावतच नाही. कुत्र्याला आपल्यापेक्षा फार बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येतात. मशीन लावल्यावर कान मागे टाकून ते दूर जात असेल तर त्याला त्रास होतोय असं समजा. वायर चावणारं पिल्लू असेल तर वायर भिंतीकडे.

वासासाठी कोळशाचा फिल्टर असतो. बरा आहे, पण वास गेला म्हणजे ॲलर्जी गेली असं नाही. वास झाकायला सुगंधी तेलांची डिफ्यूजर यंत्रं तर अजिबात लावू नका. टी ट्री तेल कुत्र्या-मांजरांना विषारी आहे.

इतकं करून मशीन आलं. पहिल्या आठवड्यात फरक फारसा पडला नाही! मी हिरमुसले. मग डॉक्टरांनी समजावलं, आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. यंत्र फक्त तरंगणारी धूळ पकडतं. गादीत, पडद्यात, भिंतीवर बसलेलं त्याच्या हाती लागत नाही. कुत्र्याची ॲलर्जी केसांची नसते. त्याच्या लाळेतल्या आणि त्वचेच्या कोंड्यातल्या प्रथिनांची असते. त्यातला बारीक अंश हवेत तरंगतो, तो यंत्र पकडेल. पण बराचसा कपड्यांना चिकटतो. आणि गादीतल्या सूक्ष्म किड्यांच्या विष्ठेचे कण जड असतात, ते थोड्याच वेळात खाली बसतात, यंत्रापर्यंत पोचतच नाहीत. मांजर असेल तर आणखी सांगते: मांजर घरातून गेलं तरी त्याचा अंश घरात काही महिने राहतो. म्हणजे मुक्या जीवाला घालवून रात्रीत श्वास मोकळा होतो, हाही भ्रमच.

गादीतले किडे मारायला चादरी 60 अंशांच्या पाण्यात धुवा असं सांगतात. ते आम्हाला करवेना. आपल्याकडे मूळ शिकवण अशी की मारण्याची वेळच येऊ नये, आधी जीवोत्पत्ती टाळावी. हे किडे ओलाव्यावर आणि आपल्या त्वचेच्या कोंड्यावर वाढतात. म्हणून खोलीतला गालिचा आणि जाड पडदे काढले. नवी गादी केली आणि पहिल्या दिवसापासून तिला व उशीला चेन असलेली, घट्ट विणीची खोळ घातली. चादरी दर आठवड्याला साध्या पाण्याने धुतो. त्यानेही ॲलर्जीचा बराच अंश निघून जातो. झाडू मारून धूळ उडवण्याऐवजी ओल्या कपड्याने पुसणं. डासांची कॉइल बंद, मच्छरदाणी सुरू. फोडणीच्या वेळी स्वयंपाकघराचं दार लोटलेलं. सूर्य वर आला की खिडक्या उघडतो, कारण यंत्र धूळ गाळतं, ताजी हवा आणत नाही.

आणि लाडू? तिच्यासाठी एकच नियम: सासूबाईंच्या खोलीत पाऊल नाही. बाकी घर तिचं. मुलगा रोज तिला खाली नेऊन केस विंचरतो आणि ओल्या फडक्याने पुसतो. वारंवार आंघोळ घालायला सांगतात, पण धुतल्याचा परिणाम दोन-तीन दिवसच टिकतो, आणि नगरच्या पाण्यात दर तीन दिवसांनी कुत्रीला आंघोळ कुठून आणणार? उंबऱ्यावरची जागा सोडायला ती तयार नव्हती. मग मुलाने तिची सतरंजी समोरच्या भिंतीला टाकली, जिथून दार उघडल्यावर सासूबाई दिसतात. चार-पाच दिवसांत तिने ती जागा धरली. न मारता, न बांधता.

मशीन रात्री 9 ते पहाटे 5, दार बंद. बाकी वेळ बंद. आमच्या मशीनला साधारण 40 वॅट लागतात, म्हणजे महिन्याला दहाएक युनिट. पाचला सासूबाई उठायच्या आधी ते आपोआप बंद होतं, म्हणजे सामायिकात विजेचा संबंध नको. चातुर्मासात त्यांनी आठवड्यातून एका रात्री मशीन न लावण्याचे पच्चक्खाण घ्यायचं ठरवलं होतं. आधी डॉक्टरांना विचारू, असं म्हणून मी थांबवलं आहे. तपाची हौस श्वासावर बेतू नये.

यंत्राच्या पडद्यावर पीएम 2.5 चा आकडा येतो, म्हणजे अडीच मायक्रॉनहून बारीक धूळ. आपल्या देशाचं 24 तासांचं प्रमाण 60 मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेचं 15. सुरुवातीला मी तो आकडा सारखी बघायचे, जणू परीक्षेचा निकाल. आता बघत नाही. रात्री खोलीतून खोकला किती वेळा ऐकू आला, ते मोजते. तीन-चार वेळांवरून आता आठवड्यातून एखाद्या रात्रीवर आलं आहे. इनहेलर चालूच आहे, तो बंद करायचा नाही. आणि हा फरक एकट्या मशीनचा नाही. खोळ, पुसणं, बंद दार आणि औषध, सगळ्यांचा मिळून आहे.

म्हणून मैत्रिणींनो, "कोणतं मशीन?" या प्रश्नाआधी दोन प्रश्न स्वतःला विचारा. घरात जीव आणताना घरातल्या आजारी माणसाचा विचार केला होता का? आणि नसेल केला, तर आता त्याची किंमत कोण मोजणार? मी ती लाडूला मोजायला लावली होती, चार दिवस. ती दोरी मी टाकून दिली नाही. पूंजणीच्या खुंटीलाच टांगली आहे, पक्खीला आठवण राहावी म्हणून.

संध्याकाळी भाकरीचा पहिला तुकडा पुन्हा सुरू आहे. सासूबाई दारातून देतात, लाडू सतरंजीवरून घेते.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिलं गेलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.